वस्त्रगाळ

फोटो आम्ही सगळ्यांनी मिळून निवडला, हे आधीच सांगून टाकते. सगळ्यांनी निवडला म्हणजे दोषही सगळ्यांत वाटला जाईल, असं मला काही दिवस वाटत होतं. आता तसं वाटत नाही.

मंगळवारी सकाळी नलूकाकू घरातून निघून गेली. आई आंघोळीला गेली होती, बाबा गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होते, आणि दाराची कडी काकूने स्वतःच काढली. अंगावर घरातली साडी, हातात भाजीची कापडी पिशवी. कोपऱ्यापर्यंत गेली असेल म्हणून आईने अर्धा तास वाट पाहिली. मग मला पुण्याला फोन केला.

नलूकाकू म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. काका गेले तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती, मूलबाळ नव्हतं. माहेरी परत गेली नाही, आमच्याकडेच कऱ्हाडला राहिली. आई शाळेत शिकवायची, त्यामुळे मी काकूच्या कडेवर वाढले. जेवायला तिनेच घातलं, वेण्या तिनेच घातल्या, पाढेही तिनेच घोकून घेतले. तिला स्वतःला पंधराच्या पुढचे येत नव्हते तरी. आता ती त्र्याहत्तर वर्षांची होती आणि गेली दोन वर्षं विसरत चालली होती. आधी भाजीत दोनदा मीठ पडायचं. मग माणसांची नावं गेली. मला ती कधी 'ऋजू' म्हणायची, कधी 'बाळ', आणि कधी नुसतीच बघत राहायची.

मी दुपारी कऱ्हाडला पोचले तेव्हा बाबा पोलीस चौकीतून आले होते. फौजदार बाई समंजस होत्या. त्यांनी एकच गोष्ट मागितली होती : अलीकडचा फोटो, चेहरा स्पष्ट दिसेल असा.

"ओळखपत्रावरचा आहे की," आई म्हणाली.

तो वीस वर्षांपूर्वीचा होता. त्यात काकूचे गाल भरलेले, केस काळे. नंतर तिचे दात गेले, वजन उतरलं. त्या फोटोवरून तिला कुणी ओळखलं नसतं. फोनमध्ये शोधलं तर काही नाही. कुणी फोन समोर धरला की "माझा कशाला काढतेस बाई?" म्हणत ती पदर पुढे घ्यायची, नाहीतर सरळ स्वयंपाकघरात जायची.

"तुझ्या लग्नाचा व्हिडिओ लाव," बाबा म्हणाले. "त्यात होती ती."

हॉलमधल्या टीव्हीवर मी माझं लग्न लावलं. मंगलाष्टकं चालू असताना डावीकडच्या खांबाजवळ काकू उभी होती. मागे, शेवटच्या खुर्च्यांच्याही मागे. तिला पुढे येऊ नको असं आमच्या घरात कुणी कधी म्हटलं नाही. आम्ही तसले नव्हतो. पण औक्षणाचं ताट आलं, ओटी भरायची वेळ आली, की ती आपणहून दोन पावलं मागे सरायची, आणि 'ये गं पुढे' असंही कुणी म्हटलं नाही. मी चित्र थांबवलं, मोठं केलं. चेहरा असा लख्ख आला की कानामागे गेलेल्या पांढऱ्या बटेतले केस मोजावेत. सौम्य चेहरा, थोडं हसू.

"हीच," बाबा म्हणाले.

"किती छान आलीय," आई म्हणाली आणि रडायला लागली.

चार वाजायच्या आत तो फोटो सगळ्या एसटी स्थानकांवर, रेल्वेत, पाच जिल्ह्यांतल्या सरकारी दवाखान्यांत पोचला. स्थानकांवरचे कॅमेरे त्या चेहऱ्याचा शोध घेऊ लागले. तंत्रज्ञान किती पुढे गेलंय, असं बाबा शेजाऱ्यांना सांगत होते. मला त्यातही जरा अभिमान वाटला, कारण चित्र इतकं स्वच्छ निघालं ते माझ्यामुळे. म्हणजे आमच्या कंपनीमुळे.

इथे थोडं शास्त्र सांगावं लागेल.

हात लांब करून स्वतःच्या अंगठ्याच्या नखाकडे बघा. माणसाला एका वेळी खरोखर स्पष्ट दिसतं ते साधारण एवढंच. बाकीचं सगळं धूसर असतं, पण डोळा सारखा फिरत असतो आणि मेंदू उरलेलं भरून काढतो, म्हणून आपल्याला वाटतं आपण सगळं बघतोय. व्हिडिओत मात्र प्रत्येक कोपरा सारख्याच तपशिलाने साठवलेला असतो. मांडवाच्या झालरीची प्रत्येक गाठ, जिच्याकडे कुणी कधी बघणार नाही, तीसुद्धा. जागा खाते ती ही झालर.

मी कंपनीत लागले त्याच सुमारास एक अडचण उभी राहिली होती. लोकांचे व्हिडिओ साठवणाऱ्या केंद्रांना थंड ठेवायला पाणी लागतं, आणि सलग दोन उन्हाळे ते पुरलं नाही. नवी केंद्रं उभारायला सरकारने बंदी घातली. आता आहे त्याच जागेत सगळं बसवायचं होतं, पाठवायलाही हलकं हवं होतं, आणि चित्र तर खराब दिसता कामा नये. आम्ही उपाय काढला. टीव्हीच्या आणि फोनच्या कॅमेऱ्याने बघणाऱ्याची नजर टिपायची. घरच्यांनी एखादा व्हिडिओ दोन-चारदा पाहिला की कुठे नजर गेली आणि कुठे कधीच गेली नाही, याचा नकाशा तयार होतो. जिथे नजर गेली ते जसंच्या तसं ठेवायचं. जिथे गेली नाही, तिथली मूळ माहिती काढून टाकायची आणि चार शब्दांचं वर्णन ठेवायचं : 'झालर, पिवळी, जाळीची'. व्हिडिओ लावला की त्या वर्णनावरून यंत्र तिथे झालर नव्याने रंगवतं. अगदी झकास रंगवतं. शंभर भागांची फाइल एका भागात बसते, आणि दहा हजार लोकांना दाखवलं तरी एकालाही फरक कळला नाही. कळणार कसा? लोक पुन्हा तिथेच बघतात जिथे आधी बघितलेलं असतं.

नाव मी सुचवलं होतं, 'वस्त्रगाळ'. काकू दिवाळीआधी उटणं वस्त्रगाळ करायची, मलमलीच्या फडक्यातून. ते नाव सगळ्यांना आवडलं. आणि मूळ प्रत नव्वद दिवसांनी कायमची पुसायची, हा नियमही माझाच.

हे सगळं मला पाठ होतं. तरी त्या मंगळवारी, टीव्हीसमोर उभी असताना, एकदाही डोक्यात आलं नाही. फोटो छान होता एवढंच दिसलं.

बुधवारी संध्याकाळी आमच्या कोपऱ्यावरच्या सुलाबाई दारात आल्या. त्या भाजी विकतात, तीस वर्षं त्याच जागी बसतात. त्यांच्या डोक्यावरच्या खांबाला कुणीतरी काकूचं पत्रक चिकटवलं होतं.

"रुजूताई, त्या कागदावरची बाई कोन?"

"कोण म्हणजे? काकू हरवलीय. तुम्हाला ठाऊक नाही?"

"ते ठावं हाय वो. पन ही न्हवं नलूताई. ही कोन दुसरीच बाई हाय."

बाबा आतून म्हणाले, "सुलाबाई, डोळे तपासून घ्या आता. आम्ही घरातली माणसं आहोत, आम्हाला कळत नाही का आमची माणसं?"

"तसं न्हवं दादा..."

"उद्या या. आज डोकं ठिकाणावर नाही आमचं."

मीही त्यांना परतवलंच. त्या बोलत होत्या आणि मी हातातल्या फोनवर कुठून काही निरोप आलाय का ते बघत होते. पायरी उतरताना त्या पुटपुटल्या, "बगा बया तुमचं तुमी." मी दार लावून घेतलं.

गुरुवार कोरडा गेला. कोल्हापूरच्या स्थानकावर एक बाई सापडली, फोटोशी हुबेहूब जुळणारी. बाबा आणि मी धावत गेलो. ती एका बँकेतून निवृत्त झालेली बाई होती, नातवाला न्यायला आली होती. पोलिसांनी तिला बाकावर बसवून ठेवलं होतं आणि ती भयंकर चिडली होती. बाबा तिची माफी मागत राहिले. परत येताना मी त्यांना म्हटलं, "हुबेहूब होती ना?" ते म्हणाले, "अगदी." 

शुक्रवारी सकाळी मी सुलाबाईंकडे आपणहून गेले. भाजीसाठी म्हणून गेले, पण भाजी घेतलीच नाही.

"त्या दिवशी काय म्हणत होता तुम्ही?"

त्यांनी खांबावरच्या पत्रकाकडे मान वळवली. "हिच्या भुवया बगा. कशा कोरल्यागत हायत. नलूताईच्या डाव्या भुवईत खाच हाय, कुकरचं झाकान उडून लागल्याली. नाक जरा वाकडं हाय. आन ह्यो वट... नलूताईचा खालचा वट आत गेलाय, दात काडल्यापास्नं. ह्या बाईच्या तोंडात तर सगळं दात हायत!"

मी पत्रकाकडे पाहिलं. हसू थोडं उघडं होतं आणि आत पांढरेशुभ्र दात दिसत होते. माझ्या लग्नाच्या आधी तीन वर्षं काकूचे दात काढले होते. दवाखान्यात मीच घेऊन गेले होते तिला.

घरी जाऊन लॅपटॉप उघडला. कंपनीतल्या माणसाला नकाशा दिसतो, बाहेरच्याला दिसत नाही. नजर जाते तिथे लाल, जात नाही तिथे निळा. माझ्या लग्नाच्या चित्रात अंतरपाट लाल होता, मी आणि नवरा लाल, भटजींची शेंडीसुद्धा फिकट लाल. डावीकडचा खांब निळा होता. खांबाजवळची बाई पायापासून डोक्यापर्यंत गडद निळी. त्या निळ्यावर क्लिक केल्यावर वर्णन उघडलं : 'वृद्ध स्त्री. फिकट साडी. उभी. शांत.'

बस्स. एवढ्यावरून यंत्राने दर वेळी तीच एक बाई रंगवली होती. आमच्या घरात आठ वर्षं दर वाढदिवसाला, दर दिवाळीला हा व्हिडिओ लागत होता, आणि खांबाजवळ एक परकी बाई उभी राहून हसत होती. आम्ही डोळ्यांच्या कडेने तिला इतक्या वेळा पाहिलं होतं की काकूचा चेहरा म्हणून तीच डोक्यात बसली होती.

मी आईबाबांना हॉलमध्ये बसवून सांगितलं. बाबांना आधी पटेना.

"अगं पण मला आठवते ना ती! रोज समोर असते."

"सांगा मग. खाच कुठल्या भुवईत आहे?"

त्यांनी स्वतःच्या भुवईवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "खाच होती?"

आई म्हणाली, "उजव्या. नाही, थांब. ती वाढायला यायची तेव्हा मी इकडे बसायचे..." तिने हवेत हात फिरवून बघितला आणि खाली ठेवला. "मला नाही आठवत गं, ऋजू. मी तिच्याशी बोलताना भाजी चिरत असायचे."

मला त्यांचा राग आला, आणि मग लक्षात आलं की खाच मलाही आठवत नव्हती. तिच्या कुशीत झोपलेली मी.

एकच मार्ग होता. घरातले सगळे व्हिडिओ, दोनशे अकरा तासांचे, यंत्राला दिले. बारसं, मुंज, बाबांची साठीशांत, आईचा निरोपसमारंभ, माझं डोहाळजेवण. सांगितलं, ही बाई जिथे जिथे आहे आणि जिथे लाल आहे, तेवढेच क्षण काढ. म्हणजे जिथे ती खरी आहे. वीस मिनिटांत त्याने एक हजार चाळीस तुकडे काढले. मला हायसं वाटलं. मी पहिला उघडला.

हात होते. पुरणपोळीचं ताट धरलेले. ताट लाल, म्हणून ताटाला लागलेली बोटंही लाल. दुसऱ्यात तूप वाढणारा हात. तिसऱ्यात वरणाचा वाटगा. नखं, नखांच्या कडांना लागलेली हळद, मनगटावरचा तव्याचा जुना चटका, सगळं स्वच्छ आणि खरं. मनगटाच्या वर निळं. हजार चाळीसपैकी हजार चाळीस तुकड्यांत हातच होते. जेवणाकडे सगळ्यांनी पाहिलं होतं.

आई उठून आत गेली. मला आतून तिचा आवाज ऐकू येत होता, पण मी गेले नाही. मी सुलाबाईंना बोलवायला गेले.

त्या सोफ्यावर बसल्या नाहीत, खाली फरशीवरच बसल्या. "हितंच बरं." मी लॅपटॉपवर नवा चेहरा काढायला घेतला आणि त्या सांगत गेल्या. कपाळ अरुंद. केस मागे गेलेले, मधोमध विरळ. डावा डोळा उजव्यापेक्षा लहान, "हासली की मिटूनच जायाचा". गालावर दोन वांग. हनुवटीवर एकच केस, "तोडती का म्हनलं तर म्हनायची, ऱ्हाऊ दे, तेवडाच सोबतीला." त्या बोलत होत्या आणि पडद्यावर हळूहळू काकू येत होती. मी मधेच थांबले, कारण डोळे भरून आल्यावर मला दिसेना.

"एवढं कसं लक्षात राहिलं हो तुमच्या?" आईने दारातून विचारलं.

"रोज सकाळी यायची की ती. मेथी निवडू लागायची मला, अर्धा अर्धा तास. समूरासमूर बसल्यावर मानूस दुसरं कुटं बगनार?"

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी नवा चेहरा सगळीकडे गेला. तीन वाजून एकवीस मिनिटांनी उत्तर आलं. सांगोल्याच्या एसटी स्थानकातून मंगळवारी संध्याकाळी उचललेली बाई, सरकारी दवाखान्यात. मी लगेच फोन लावला. फोनवर एक परिचारिका होती, आवाजावरून तरुण वाटली.

"तुम्ही कोण त्यांच्या?"

"पुतणी. कशी आहे ती?"

 "ताई, आज सकाळी सहाला गेल्या त्या. पडल्या होत्या स्थानकात, मांडीचं हाड मोडलं होतं, अंगात पाणी नव्हतं. सावरत होत्या तशा, काल पेजही घेतली. मग ताप चढला." मागे कागदांचा आवाज झाला. "आम्ही दिवसातून दोनदा हरवलेल्यांच्या यादीशी चेहरा जुळवून बघत होतो. जुळत नाही म्हणूनच यायचं."

"नाव सांगितलं नव्हतं तिने?"

"सांगितलं की. द्वारका म्हणाल्या. द्वारका ढोबळे, मंगळवेढा."

यादीत आम्ही नलिनी आळतेकर लिहिलं होतं. लग्नात आजीने तिचं नाव बदललं होतं. पन्नासएक वर्षं घरात सगळे तिला नलू म्हणत होते, आणि सगळं विसरून झाल्यावर तिच्याकडे द्वारका उरली होती. आईला ते नाव ठाऊक होतं. फौजदार बाईंनी विचारलं नाही आणि आईला सांगावंसं वाटलं नाही. मंगळवेढ्याला, तिच्या माहेरी, आम्ही मंगळवारीच फोन केला होता. तिथे भाचे होते, त्यांनी आली नाही म्हणून सांगितलं. आली नव्हतीच. निम्म्याहून जास्त वाट एसटीने काटून ती सांगोल्यात पडली होती.

नाव जुळणार नव्हतं. चेहरा जुळला असता. बुधवारी संध्याकाळी मी सुलाबाईंचं ऐकलं असतं, तर गुरुवारी दुपारपर्यंत मी तिच्या खाटेजवळ असते. तिने मला ओळखलं असतं की नाही, सांगता येत नाही. पेज मी भरवली असती.

आम्ही अंधार पडायच्या सुमारास सांगोल्याला पोचलो. दवाखान्याच्या मागच्या खोलीत त्यांनी चादर बाजूला केली. बाबा बराच वेळ उभे राहिले. मग माझ्याकडे वळून, लहान मुलासारखं हळू आवाजात त्यांनी विचारलं, "वहिनीच ना गं ही?"

"हो बाबा."

डाव्या भुवईत खाच होती. खालचा ओठ आत गेलेला. हनुवटीवरचा केसही होता. मी खाली वाकून तो चेहरा बघितला, कपाळापासून सुरू करून एकेक रेघ, परीक्षेच्या आधी पान पाठ करतात तसा. परिचारिका दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली, "ताई, गाडी आलीय."

तेराव्यानंतर मी कामावर गेले. देवस्थळी सरांनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, खोलीत बोलावलं. माणूस वाईट नाही. त्यांनी आधी पाणी दिलं, मग विचारलं, "चेहरे वगळता येतील का? म्हणजे माणसाचा चेहरा कधीच काढून टाकायचा नाही, असा नियम?"

"गर्दीत चेहरेच असतात, सर. मग फाइल लहान होणार नाही."

"तेही खरं." त्यांनी चष्मा पुसला. "चाचण्यांत कुणालाच फरक कळला नव्हता, ऋजुता."

"एका भाजीवालीला कळला."

 मी निदान मूळ प्रती पुसणं थांबवायचा प्रस्ताव लिहून दिला. तो वर गेला. जागा नाही म्हणून परत येणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्या प्रस्तावासोबत आमच्या घराचा नकाशा उदाहरण म्हणून जोडायचा होता, कुणी कुठे पाहिलं याच्या तपशिलासह. घरच्यांची परवानगी घेऊन मी तो मागवला. टीव्ही घरातल्या प्रत्येक माणसाला एक नंबर देतो. एक म्हणजे बाबा, दोन आई, तीन मी, चार माझा नवरा, पाच आमची मुलगी चिमी. पाहुण्यांना नंबर नसतो. यादीत सहा नंबर होता.

सहा नंबरची वेळ ठरलेली होती : दुपारी दोन ते तीन. आई वामकुक्षी घ्यायची आणि बाबा वाचनालयात असायचे ती वेळ. भांडी आवरून झाल्यावरची. टीव्ही लावायला ती आमचं बघून बघूनच शिकली असणार. आठ वर्षांत सहा नंबरने एकट्याने एकशे बारा तास आमच्या घरातले व्हिडिओ पाहिले होते. आम्हाला कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

मी तिची नजर तेवढी वेगळी काढली. मी सात वर्षांची असतानाचा, माझा मामेभाऊ निनाद याच्या मुंजीचा जुना व्हिडिओ आहे. मांडवात सगळे बटूकडे बघतायत. चित्राच्या अगदी कडेला, जिथे घरातल्या कुणाचीही नजर कधी गेली नव्हती, तिथे लालभडक ठिपका होता. मी तिथे मोठं करून पाहिलं. मी होते. पुढचे दोन दात पडलेली, नाक ओढत असलेली, सुटलेल्या वेणीची. माझ्या फ्रॉकच्या कॉलरची उसवलेली शिवण दिसत होती. गालावरचा श्रीखंडाचा डागसुद्धा खराखुरा होता. मग मी पुढचे सगळे व्हिडिओ उघडले. शाळेचं संमेलन, सहल, माझी पदवी, माझं लग्न. मी मागच्या रांगेत असो, पाठमोरी असो, अर्धी कापली गेलेली असो, प्रत्येक ठिकाणी मी शाबूत होते. एकशे बारा तासांतले शंभर तास ती फक्त माझ्याकडे बघत बसली होती.

मुंजीच्या त्या चित्रात माझी वेणी घालायला माझ्यामागे कुणीतरी बसलेलं आहे. तेहतीस-चौतीस वर्षांची बाई, फिकट साडी. तिचा चेहरा नितळ आणि सुंदर आहे आणि तो काकूचा नाही. काकूने त्या चित्रात स्वतःकडे किती वेळ पाहिलं, ते मी काढून बघितलं. शून्य. दुसऱ्या व्हिडिओंत पाहिलं. शून्यच.

रविवारी मी कऱ्हाडला गेले. दुपारी दोन वाजता हॉलमधला टीव्ही लावला, मुंजीचं ते चित्र थांबवलं, आणि स्वतःवरून नजर काढून माझ्यामागे बसलेल्या त्या बाईकडे बघत राहिले. तीन वाजेपर्यंत बघितलं. मांडीवरच्या लॅपटॉपवर नकाशा उघडा होता. तिच्या चेहऱ्यावरचा निळा रंग हळूहळू जांभळा झाला, मग लाल. आता ती बाई कायमची जपली जाणार होती. मूळ प्रत केव्हाच पुसली गेली होती; त्या लालाखाली काकू नव्हती.